दाराच्या पोटातलं लिव्हर कुलूप: ओळख, रचना आणि किल्लीशिवाय उघडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुलपाच्या दुकानात माणूस बहुतेक वेळा घाईतच येतो. किल्ली हरवलेली असते, दार ओढलं गेलेलं असतं, कधी म्हातारी आई आत अडकलेली असते. अशा वेळी "कुलूप कोणतं आहे?" असं विचारलं की उत्तर येतं, "दाराचं आहे". तिथून पुढे चुका होत जातात. चुकीची हत्यारं घेऊन कारागीर येतो, दाराला भोकं पडतात, चांगलं कुलूप फुकट जातं. गेली पंचवीस वर्षं लोक मला जे विचारत आले, ते इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे. आपल्या दारात काय बसवलं आहे, हे घरातल्या निदान एका माणसाला ठाऊक असावं, एवढीच माझी इच्छा आहे.

मॉर्टिस लॉक म्हणजे नेमकं काय?

दाराच्या जाडीत, कडेच्या बाजूने, सुतार पटाशीने खोल खोबण काढतो. कुलपाची पेटी त्या खोबणीत बसते, म्हणून ते मॉर्टिस. दार उघडं ठेवून त्याची कड पाहा. तिथे पितळेची किंवा स्टीलची उभी पट्टी, वरखाली स्क्रू आणि मधून बाहेर येणारा बोल्ट, म्हणजे कुलपाची सरकती जीभ, दिसली तर तुमच्याकडे मॉर्टिस आहे. पेटी दाराच्या आतल्या अंगावर स्क्रूने ठोकलेली दिसत असेल तर ते रिम लॉक. आपल्याकडचा नाइट लॅच त्याच जातीचा.

एक गोंधळ आधीच मिटवू. मॉर्टिस हे बसवण्याच्या पद्धतीचं नाव आहे, लिव्हर हे आतल्या यंत्राचं. मॉर्टिसच्या पेटीत लिव्हर (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या) असू शकतात, सिलिंडरही (किल्लीबरोबर फिरणारा गाभा असलेला) असू शकतो. दुकानात "मॉर्टिस द्या" एवढंच सांगितलंत तर निम्मीच माहिती दिलीत.

माझं कुलूप लिव्हरचं की सिलिंडरचं, हे किल्लीवरून कळेल का?

बहुतेक वेळा कळतं. जुन्या धाटणीची किल्ली, म्हणजे गोल दांडा आणि टोकाला झेंड्यासारखं पातं, त्या पात्यावर पायऱ्यापायऱ्यांच्या खाचा, ही लिव्हरची. दांड्याच्या दोन्ही अंगांना पाती असतील तर तेही लिव्हरच, दुहेरी पात्याचं. इटलीत बनणाऱ्या पोलादी दारांमध्ये अशी कुलपं वर्षानुवर्षं वापरली गेली आणि तिथून ती जगभर पसरली. चपट्या किल्लीच्या एका कडेला करवतीसारखे दाते असतील तर पिनांचा सिलिंडर. चपट्या अंगावर गोल खळगे असतील तर तोही सिलिंडरच, त्याला डिंपल किल्ली म्हणतात.

पण आपल्याकडे या नियमाला मोठा अपवाद आहे. आपली कितीतरी लिव्हर कुलपं, विशेषतः टांगती, चपट्या पत्र्यासारख्या किल्लीवर चालतात. त्यामुळे किल्ली चपटी दिसली म्हणून सिलिंडर असं ठरवू नका. खात्री करायची असेल तर किल्ली फिरवताना छिद्राकडे बघा. सिलिंडरमध्ये किल्लीभोवतीचा पितळी गाभा किल्लीबरोबर फिरतो. लिव्हर कुलपात दारावरचं छिद्र मात्र जागच्या जागी राहतं, फिरते ती फक्त किल्ली. आत छिद्र झाकणारी एखादी गोल चकती फिरताना दिसू शकते. तिला पडदा म्हणतात, तिचं काम पुढे सांगतो.

आत नेमकं काय घडतं?

हे एकदा समजलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

पेटी उघडली की आधी बोल्ट दिसतो. त्याच्या पाठीवर एक छोटी खुंटी उभी असते. तिच्यावर पितळेच्या किंवा पोलादाच्या पातळ पट्ट्यांची चळत बसलेली असते. याच लिव्हर. सगळ्या पट्ट्या एका टोकाला एकाच खिळ्यावर झुलतात आणि प्रत्येकीला तिची स्वतःची बारीक स्प्रिंग खाली दाबून धरते. प्रत्येक पट्टीत कापलेली जागा असते, दोन खोल्या आणि त्यांना जोडणारी अरुंद वाट. कुलूप बंद असताना खुंटी एका खोलीत असते, उघडं असताना दुसरीत. बोल्ट सरकायचा तर खुंटीला त्या वाटेतून पलीकडे जावं लागतं.

आता किल्ली. पात्यावरची प्रत्येक पायरी आपापली पट्टी ठरावीक उंचीपर्यंत उचलते. सगळ्या पट्ट्यांच्या वाटा एका ओळीत आल्या की खुंटीला रस्ता मोकळा होतो आणि त्याच फेऱ्यात किल्लीची आणखी एक पायरी बोल्टला ढकलून सरकवते. एखादी पट्टी कमी उचलली गेली तरी खुंटी अडते आणि जास्त उचलली गेली तरीही अडते. सगळी खुबी या "जास्त"मध्ये आहे. त्याआधीच्या कुलपांत पट्टी कशीही करून वर ढकलली की काम भागायचं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने १७७८ साली दोन्हीकडून अडणाऱ्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं. आज तुमच्या दारात जे आहे, त्याचं मूळ तिथे आहे.

कुलपावर "६ लिव्हर", "८ लिव्हर" लिहिलेलं असतं. जास्त म्हणजे जास्त सुरक्षित का?

काही अंशी. आधी थोडा हिशेब करू. पाच लिव्हर आणि प्रत्येक पायरीच्या सहा शक्य उंच्या धरल्या तर किल्ल्यांचे ७,७७६ वेगवेगळे नमुने होतात. पण दाराचं कुलूप बहुधा दोन्ही बाजूंनी एकाच किल्लीने चालतं. बाहेरून घातलेली किल्ली आतून घातली की तिच्या पायऱ्यांचा क्रम उलटा होतो. त्यासाठी बनवणाऱ्याने वेगळी काही सोय केलेली नसेल, तर खाचा मधल्या पायरीच्या दोन्हीकडे आरशातल्यासारख्या सारख्या ठेवाव्या लागतात. मग स्वतंत्र पायऱ्या उरतात तीन आणि नमुने होतात २१६. म्हणजे पेटीवर पाच लिहिलेलं खरंच असतं, पण किल्लीतलं वैविध्य तिघांचंच. तुमची किल्ली एकदा उजेडात धरून बघा, आरशासारखी आहे की नाही ते लगेच दिसेल.

ब्रिटनमध्ये घराच्या मुख्य दारासाठी बीएस ३६२१ हे मानक १९६३पासून आहे. त्यात किमान १,००० वेगळे नमुने, बंद असताना पुरेसा बाहेर येणारा बोल्ट, ड्रिल आणि करवतीला विरोध, अशा अटी आहेत. म्हणजे तिथेही नुसत्या लिव्हरच्या आकड्यावर कोणी विसंबत नाही. आपल्याकडे मॉर्टिस कुलपांसाठी आयएस २२०९ हे भारतीय मानक आहे. विकत घेताना त्या खुणेची चौकशी करा, दुकानदाराला विचारायला संकोच वाटू देऊ नका.

आकड्यापेक्षा मी तीन गोष्टी आधी बघतो. बोल्ट किती लांब आणि किती जाड आहे. पट्ट्या नीट घोटून बसवल्या आहेत की खडखडतात. आणि पट्ट्यांमध्ये फसव्या खाचा (त्या काय ते पुढे सांगतो) आहेत का. चांगल्या घडणीचे पाच लिव्हर ढिसाळ घडणीच्या आठांपेक्षा केव्हाही बरे.

लिव्हर कुलूप किल्लीशिवाय उघडता येतं का?

येतं. हा प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे आणि त्याची गोष्ट मला फार आवडते.

१८१७ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाली. सरकारने बक्षीस लावलं: स्वतःच्या किल्लीशिवाय उघडणार नाही असं कुलूप करून दाखवा. १८१८ साली जेरेमाया चब याने "डिटेक्टर" कुलूप आणलं. त्यात एखादी पट्टी हवी त्यापेक्षा जास्त उचलली गेली की ती वरच अडकून बसायची. मालकाने खरी किल्ली घातली की ती फिरायची नाही आणि कोणीतरी हात घालून गेलं आहे हे त्याला कळायचं. म्हणजे हे कुलूप चोराला अडवायचंच, शिवाय त्याची चुगलीही करायचं. तिथल्याच तुरुंग-जहाजावर एक कैदी होता, पेशाने कुलूप बनवणारा. उघडलंस तर सुटका, असं त्याला सांगितलं. दोनतीन महिने झटून त्याने हात टेकले.

पुढे तेहेतीस वर्षं या कुलपाचा दबदबा राहिला. मग १८५१ साली लंडनच्या भव्य प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. त्याने साक्षीदारांसमोर चबचं डिटेक्टर कुलूप साधारण पंचवीस मिनिटांत उघडलं आणि सात मिनिटांत पुन्हा बंदही केलं. त्याची युक्ती विचार करण्यासारखी आहे. चुगली करणारा जो भाग होता, त्याचाच आधार घेऊन कोणती पट्टी कुठे अडते हे त्याने ताडलं. म्हणजे कुलपाने मालकासाठी ठेवलेली खूण त्याने स्वतःसाठी वाचली. त्याच वर्षी त्याने जोसेफ ब्रॅमा या इंग्रज कारागिराचं कुलूपही उघडलं. ते लंडनच्या पिकॅडिली भागातल्या दुकानाच्या खिडकीत, उघडणाऱ्याला दोनशे गिनी (तेव्हाचं इंग्रजी चलन) देण्याच्या आव्हानासह कित्येक वर्षं मांडून ठेवलेलं होतं. (ते लिव्हरचं नव्हे, सरकत्या पट्ट्यांचं.) त्याला एकूण ५१ तास लागले, सोळा दिवसांत विभागून.

त्यावरून इंग्लंडमध्ये मोठा वाद पेटला: असं उघडपणे बोलावं का? हॉब्जची बाजू अशी होती की चोरांना हे आधीच ठाऊक असतं, अंधारात असतात ते भल्या घरचे लोक. मी त्याच्या बाजूचा आहे. त्या झटापटीनंतरच कुलपं सुधारली. पडदा, फसव्या खाचा आणि जास्त काटेकोर घडण यांकडे कारखानदार गंभीरपणे बघू लागले.

पण उघडतं म्हणजे कोणत्या तत्त्वावर?

घडणीतल्या बारीक फरकांवर. कागदावर सगळ्या पट्ट्या आणि खुंटी अगदी जुळलेल्या असतात. प्रत्यक्षात प्रत्येक पट्टीत केसभर इकडेतिकडे असतंच. बोल्टवर हलका दाब दिला की खुंटी सगळ्या पट्ट्यांवर एकदम टेकत नाही, आधी एकीवरच टेकते. ती पट्टी हाताला जड लागते, बाकीच्या सैल. जड पट्टी तिच्या वाटेपर्यंत आली की दाब पुढच्या पट्टीवर जातो. असं एकेक करत जायचं. यात डोळ्यांना काहीच दिसत नाही, सगळं बोटांना जाणवतं. वैद्य नाडी बघतो तसं.

फसव्या खाचा यावरच उपाय म्हणून आल्या. पट्टीच्या कडेवर उथळ खाचा पाडतात. खुंटी त्यात किंचित शिरते आणि वाट सापडली असं वाटतं, पण तो आंधळा बोळ असतो. पडदा छिद्राची जागा झाकतो, म्हणजे एका वेळी दोन गोष्टी आत घालायला वाव राहत नाही. या दोन्ही गोष्टी नीट असलेलं कुलूप अनुभवी माणसालाही घाम फोडतं. घरफोडी करणारा सहसा एवढा वेळ घालवत नाही. तो पहार घालून चौकट उचकटतो, किंवा उघडी खिडकी शोधतो.

घराबाहेर अडकलो आहे. इंटरनेटवर बघून स्वतः प्रयत्न करू का?

करू नका. रोजच्या वापरातल्या कुलपावर तर कधीच नाही. लिव्हरच्या स्प्रिंगा फार नाजूक असतात. तारेने खुडबुड करताना एक जरी वाकली, तरी ती पट्टी खाली यायची थांबते आणि मग खरी किल्लीही चालत नाही. जे काम किल्ली सापडल्यावर फुकटात झालं असतं, त्यासाठी शेवटी दार कापावं लागतं. एका गृहस्थांनी सायकलच्या चाकाची आरी आत घातली, तिचा तुकडा आतच राहिला. आधी दहा मिनिटांचं काम होतं, ते अख्ख्या दुपारचं झालं. त्यांच्या घरात गॅसवर कुकर होता, म्हणून माझाही जीव टांगणीला लागला होता.

आत लहान मूल, आजारी माणूस किंवा पेटता गॅस असेल तर कुलूपवाल्याची वाट पाहू नका. १०१ किंवा ११२ला फोन करा. अशा वेळी दाराची किंमत बघायची नसते.

किल्ली अर्धी आत तुटली. आता?

तुटलेला तुकडा घातला तेव्हाच्या स्थितीत, म्हणजे बहुधा उभा, आहे का ते बघा. तसा असेल आणि टोक बाहेर दिसत असेल तर पातळ चिमट्याने सरळ बाहेर ओढा. तिरका असेल तर ओढू नका, पट्ट्या त्याला धरून बसलेल्या असतात. आणि उरलेल्या तुकड्याला फेविक्विक लावून चिकटवू नका. गोंद पट्ट्यांवर ओघळतो आणि पूर्ण कुलूप दगड होतं. दोन्ही तुकडे जपून ठेवा, त्यावरून नवी किल्ली नीट बनते.

पावसाळ्यात किल्ली जड फिरते. कुलूप खराब झालं का?

बहुतेक वेळा कुलपाचा दोषच नसतो. दार उघडं ठेवून किल्ली फिरवून बघा. उघड्या दारात सहज फिरते आणि बंद दारातच अडते, तर दार फुगलं आहे किंवा बिजागरी सैल होऊन खाली बसलं आहे. बोल्ट चौकटीवरच्या पट्टीच्या भोकाला घासतो, एवढंच. बोल्टवर थोडा खडू लावा, दार बंद करून किल्ली फिरवा, मग पट्टीवर खूण कुठे उमटली ते बघा. त्या बाजूला भोक कानशीने थोडं मोठं करा, किंवा बिजागरीचे स्क्रू आवळा.

उघड्या दारातही जड असेल तर आत सफाई हवी. इथे कळकळीने सांगतो: खोबरेल तेल घालू नका. आपल्याकडे हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि कोकणच्या दमट हवेत त्याने सगळ्यात जास्त कुलपं बिघडवली आहेत. तेलाने पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटतात. धूळ बसून त्याचा चिखल होतो. मग एक उचलताना शेजारीणही उचलली जाते. ग्रॅफाइटची कोरडी पूड घाला. ती नसेल तर पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या पायऱ्यांवर घासून किल्ली चारपाच वेळा आत-बाहेर करा.

एक किल्ली हरवली आहे. पूर्ण कुलूप बदलू की काही मधला मार्ग आहे?

मधला मार्ग आहे. चांगल्या लिव्हर कुलपाची पेटी उघडून पट्ट्यांचा क्रम बदलता येतो किंवा दुसऱ्या पट्ट्या घालता येतात, आणि त्यानुसार नवी किल्ली कापता येते. जुनी किल्ली मग निरुपयोगी. स्वस्त कुलपांची पेटी रिव्हेटने कायमची बंद केलेली असते. तिथे नवं कुलूप घेणंच परवडतं.

सिलिंडरचं मॉर्टिस असेल तर काम आणखी सोपं: पेटी तशीच ठेवायची, फक्त सिलिंडर बदलायचा. दाराच्या कडेचा मधला लांब स्क्रू काढला की तो बाहेर येतो. माप घेताना स्क्रूच्या भोकापासून दोन्ही बाजूंची लांबी वेगवेगळी मोजा. दारापासून सिलिंडर जास्त बाहेर आलेला ठेवू नका. मध्ये, स्क्रूच्या भोकापाशी, तो सर्वांत अशक्त असतो आणि बाहेर आलेलं टोक पकडीत धरून तिथेच मोडतात.

भाड्याच्या नव्या घरात राहायला गेल्यावर, किंवा जुना फ्लॅट विकत घेतल्यावर, हे काम पहिल्याच आठवड्यात करा. आधीच्या मालकाने किती किल्ल्या कोणाकोणाला दिल्या होत्या, हे त्यालाही आठवत नसतं.

सेफ्टी डोअरला कोणतं कुलूप घालावं?

आधी सेफ्टी डोअर बघू, मग कुलूप. आपल्या इमारतींमध्ये सेफ्टी डोअर म्हटलं की लाकडी दाराबाहेरचं दुसरं दार, वर जाळी किंवा गज आणि खाली फळी किंवा पत्रा. जाळीतून हात आत जाऊन आतली कडी निघते का? बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत का, आणि त्यांचा खिळा वर ओढून निघतो का? चौकट भिंतीत नीट धरलेली आहे का? या तीन प्रश्नांची उत्तरं वाईट असतील तर महागडं कुलूप घेऊन काही उपयोग नाही. मी कितीतरी वेळा गिऱ्हाइकाला सांगतो की कुलपाचे निम्मे पैसे वेल्डिंगवाल्याला द्या.

मग कुलूप. लाकडी मुख्य दार भरीव असेल तर त्याला मॉर्टिस चांगलं. पोकळ फ्लश दारात मॉर्टिसची खोबण काढली की त्या जागी लाकूड उरतच नाही, तिथे चांगलं रिम लॉक बरं. सेफ्टी डोअरच्या लोखंडी चौकटीला तीन बोल्टचं रिम लॉक किंवा लोखंडी पेटीत बसवलेलं लिव्हर, दोन्ही चालतात. दोन्ही दारांना एकाच जातीचं कुलूप नको, एक लिव्हरचं आणि एक सिलिंडरचं असू द्या. ज्याला एक जमतं त्याला दुसरं जमेलच असं नसतं.

चौकटीवरच्या पट्टीचे स्क्रू तरी लांब वापरा. कारखान्यातून येणारे अर्ध्या इंचाचे स्क्रू एका लाथेत निघतात.

घरात भारतीय कुलूपच घेऊ का?

अवश्य. आपली कुलपं बनवण्याची परंपरा लहान नाही. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तो वकिली आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा उद्योग सोडून. अलीगढ तर ताल्यांचं शहर म्हणूनच ओळखलं जातं. तिथे अजूनही घराघरांत कुलपाचा एकेक भाग घडतो. नाव बघून घेण्यापेक्षा कुलूप हातात घेऊन, किल्ली फिरवून, बोल्ट ओढून बघून घ्या.

चावीवाल्याला घरी बोलावताना काय काळजी घ्यावी?

ओळखीतून आलेला, दुकान असलेला माणूस बोलवा. किंमत आधी ठरवा आणि "ड्रिल करावं लागेल" असं तो लगेच म्हणाला तर कारण विचारा. साध्या कुलपाला ड्रिल हा शेवटचा उपाय आहे. घर तुमचंच आहे याचा पुरावा त्याने मागितला तर रागावू नका. तो मागतो म्हणजे तो चांगला माणूस आहे. काम झालं की कच्च्या, अर्धवट कापलेल्या किल्ल्यासुद्धा परत घ्या.

आणि किल्लीचे फोटो कोणालाही पाठवू नका. नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला की लोक आनंदाने किल्ली हातात धरून स्टेटस ठेवतात. लिव्हर किल्लीच्या पायऱ्या फोटोतून मोजता येतात. आनंद जरूर कळवा, फक्त किल्ली मुठीत झाकून.

पिकिंगची, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडण्याची, हत्यारं जवळ बाळगणं गुन्हा आहे का?

महाराष्ट्रात ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम १२२नुसार सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान योग्य कारणाशिवाय घरफोडीचं साधन जवळ सापडणं हा गुन्हा आहे. घरफोडीच्या कायद्यातल्या व्याख्येत कुलूप उघडून आत शिरणं हा प्रकार नाव घेऊन सांगितलेला आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ४४५मध्ये तो होता आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. कुलूप तोडलं नाही, नुसतं उघडलं, हा बचाव होत नाही. सरावाचं सामान घरी, पेटीत असू द्या. रात्री खिशात घालून फिरू नका.

मला छंद म्हणून शिकायचं आहे. कुठून सुरुवात करू?

मन लावून शिका, सुंदर विद्या आहे. दोन नियम मात्र पाळा. जे कुलूप स्वतःचं नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे रोजच्या वापरात आहे, मग ते स्वतःचं असलं तरी, त्याच्यावर सराव करायचा नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुनी लिव्हर कुलपं भंगाराच्या भावात मिळतात. स्क्रूने बंद होणारी पेटी बघून घ्या. घरी आणून पांढऱ्या कापडावर ठेवून उघडा, कारण स्प्रिंगा उडतात आणि फरशीवर सापडत नाहीत. प्रत्येक थर काढण्याआधी फोटो काढा. मग सगळ्या पट्ट्या काढून एकच परत घाला आणि किल्ली फिरवून बघा. मग दोन. मग तीन. खुंटी कुठे अडते, वाट कुठे जुळते, हे उघड्या पेटीत डोळ्यांनी बघितलेलं हजार व्हिडिओंना भारी आहे. शाळकरी मुलांना हे दाखवा, विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ त्यांना हातात सापडते.

आतून किल्लीने बंद होणारं कुलूप ठेवावं का?

जाळीचं किंवा काचेचं दार असेल तर लोक मुद्दाम असं कुलूप घेतात, म्हणजे हात आत घातला तरी उघडत नाही. चोरासाठी हे बरोबर आहे, आगीसाठी अत्यंत धोक्याचं. आपल्या खिडक्यांना आधीच ग्रिल असतात, दार हाच एक रस्ता उरतो. धुरात किल्ली शोधता येत नाही. त्यापेक्षा आतून मुठीने फिरणारं कुलूप घ्या आणि जाळीच्या मागे पत्रा लावून हात पोहोचू देऊ नका. ते शक्यच नसेल, तर रात्री किल्लीची जागा एकच ठरवा. दारापासून हाताच्या अंतरावर, पण जाळीतून न पोहोचणारी, आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलालाही माहीत असलेली.